सापळ्याचे तोंड कोणीकडे?

ओढ्यात लावलेल्या मासे धरायच्या सापळ्याचे तोंड वरच्या अंगाला आहे की खालच्या, एवढे पाहिले तरी पावसाळा कुठवर आला ते सांगता येते. मृगाचा किंवा आर्द्राचा पहिला लोंढा आला की मासा पाण्याच्या उलट वर चढू लागतो. त्याला उथळ, नव्याने भिजलेल्या जागी अंडी घालायची असतात. तेव्हा सापळ्याचे तोंड खालच्या अंगाला हवे. हस्त-चित्रा सरत आली, पाणी ओसरू लागले की तोच मासा आणि त्याची वाढलेली पिल्ले धारेबरोबर खाली परततात. मग तोंड वर फिरवावे लागते. सापळा तोच, बांबूच्या काड्या त्याच, बांधायची दोरीही तीच. बदलते ती फक्त दिशा. ज्या ओढ्याला चढ-उताराचे हे दोन काळच उरले नाहीत, तिथे सापळ्याचे तोंड कुठेही केले तरी सारखेच. मराठवाड्याच्या मधल्या पट्ट्यात, विशेषतः सोनपेठ तालुक्यासारख्या गोदाकाठच्या भागात, पारंपरिक मासेमारीची साधने का मागे पडली याचे उत्तर साधारणपणे नायलॉनमध्ये, नव्या पिढीच्या अनास्थेत किंवा माशांच्या दुष्काळात शोधले जाते. माझ्या मते ते या तोंडाच्या दिशेत आहे. जाळे आणि सापळा ही नदीच्या वेळापत्रकावर बेतलेली साधने होती. वेळापत्रक मोडले तेव्हा त्यांचे काम संपले, आणि जी साधने उरली ती साचलेल्या पाण्याची.

सोनपेठची जागा या मुद्द्यासाठी सोयीची आहे. गाव वाण नदीच्या काठी. ही नदी बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, परळीजवळ नागापूरच्या धरणात अडते आणि पुढे वाणीसंगमापाशी गोदावरीला मिळते. संगम गावाच्या नावातच आहे. तालुक्यात थडी उक्कडगाव, थडी पिंपळगाव अशी नावे भेटतात. थडी म्हणजे काठ. ज्या गावांनी काठ आपल्या नावात घेतला, त्यांच्यासमोरून वाहणारी गोदावरी मात्र गेल्या साठ वर्षांत पार बदलली. १९६५ मध्ये पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. त्यानंतर सिंदफणेवर माजलगावचे धरण आले. मग खुद्द गोदापात्रातच ढालेगाव, मुद्गल, खडका, डिग्रस अशी बंधाऱ्यांची रांग लागली. खडक्याचा बंधारा सोनपेठ तालुक्यातला. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी तिथून जाते. एकेकाळी पावसाळ्यात फुगणारी, हिवाळ्यात निवळणारी आणि उन्हाळ्यात डोहा-डोहात तुटणारी नदी आता पायऱ्यांसारखी एकाखाली एक साचलेल्या तळ्यांची झाली आहे.

आता साधनांकडे वळू. सापळ्याची करामत त्याच्या आतल्या नरसाळ्यात असते. बाहेरचे तोंड रुंद, आत निमुळते होत जाणाऱ्या काड्यांची टोके लवचीक. मासा पुढे घुसताना टोके बाजूला सरतात, वळून बाहेर पडू पाहतो तेव्हा तीच टोके अंगाला टोचतात. ना खीळ, ना कुलूप. दोन काड्यांमधली फट किती ठेवायची यावर कोण आत राहणार आणि कोण निसटणार हे ठरते, म्हणजे किनारपट्टीवर जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात त्याचेच काम इथे फट करते. कोकणात ‘मळई’ म्हणतात तो प्रकार आणखी साधा: धार जिथून खाली पडते तिथे बांबूचा उतरता मांडव, पाणी फटींतून गळून जाते, मासा वर तडफडत राहतो. फेकजाळे, किनाऱ्यावरचा ‘पाग’, गोल असते आणि त्याच्या काठाला वजने बांधलेली असतात; ते निवळलेल्या डोहावर फेकायचे, कारण मासा कुठे जमला आहे ते आधी पाण्यावरून ओळखावे लागते. दोघांनी दोन टोके धरून ओढायचे जाळे उन्हाळ्याचे, डोह आटून गुडघ्याएवढा झाला की. पाण्यात आडवे उभे करून ठेवायचे जाळे, ज्यात मासा कल्ल्यांपाशी अडकतो, ते संथ आणि खोल पाण्याचे. लोंढ्यात ते टिकत नाही, वाहून आलेला पालापाचोळा त्याची दोरी करून टाकतो. म्हणजे वर्षाचे चार तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे साधन. ऑस्ट्रेलियात बुज बिम येथे गुंडितज्मारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडांत खोदलेले वाम-माशांचे सापळे सुमारे ६,६०० वर्षे जुने मानले जातात. युनेस्कोने २०१९ मध्ये त्यांना जागतिक वारसा ठरवले. दगडाचे सापळे टिकतात आणि वारसा होतात. बांबूचा सापळा दोन पावसाळ्यांत कुजतो, म्हणून त्याची नोंद बांबूत शोधून सापडणार नाही. ती भाषेत शोधावी लागते.

आणि भाषेत ती भरपूर आहे. दोन गोष्टींची ‘सांगड घालणे’ असे आपण संपादकीयांत रोज लिहितो. सांगड म्हणजे सुके भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, नदी उतरायचा आणि जाळे टाकायला डोहात शिरायचा. त्याची जागा आता थर्माकोलच्या तराफ्याने घेतली. शब्द मात्र नदी सोडून सभागृहात गेला. एखाद्याला ‘गळ घालणे’, कुणी ‘गळाला लागणे’ हेही त्याच काठावरचे. विज्ञानाच्या भाषेतसुद्धा या काठाने आपली मोहर ठेवली आहे. मुंबई सरकारच्या सेवेतल्या कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने स्थानिक नावेच लॅटिन नामावळीत बसवली. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आज टॉर खुद्री, टॉर मसला, सिऱ्हायनस फुलुंगी, थिनिक्थिस संदखोल अशी मराठी कानाला ओळखीची नावे लिहितात. नाव सांगणारा कोण होता ते त्या पानांवर नाही, पण मासा हातात धरून त्याचे नाव सांगणारा माणूस बहुधा मासेमारच असणार.

जुन्या ग्रंथांतही अशीच अर्धी नोंद सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला; कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मासे कुठे राहतात, कोणत्या माशाला कोणते आमिष, गळ कसा टाकायचा याचा त्यात इतका बारकावा आहे की प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पण विनोद म्हणजे राजाची करमणूक, आणि करमणुकीचे साधन गळ. पोटासाठी ओढ्यात सापळा लावणाऱ्याची विद्या लिहून ठेवावी असे राजाला वाटले नाही, त्याला वाटण्याचे कारणही नव्हते. परिणाम असा, की गळाबद्दल आपल्याला नऊशे वर्षांपूर्वीचा मजकूर मिळतो आणि सापळ्याबद्दल मात्र सापळ्याच्या रचनेवरूनच वाचन करावे लागते.

या मांडणीवर पहिला आक्षेप उघड आहे. सुताचे, सणाचे, तागाचे जाळे नायलॉनने संपवले. नदीला कशाला मध्ये आणता? झाडाची साल उकळलेल्या पाण्यात जाळे बुडवून काढायचे, वाळत घालायचे, उंदरांपासून राखायचे, फाटले की विणत बसायचे, या कटकटीतून सुटका होत असेल तर कोण सोडेल? आक्षेप खरा आहे, पण तो अर्ध्याच गोष्टीला लागू पडतो. धागा बदलला म्हणून जाळ्याचा आकार बदलत नाही. फिनलंड-रशिया सीमेवरच्या करेलियात अँट्रेआ येथे १९१३ मध्ये सापडलेले जाळे विलोच्या सालीच्या धाग्यांचे, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे. त्याला खाली दगडांची वजने होती आणि वर सालीचे तरंगते तुकडे. आजच्या नायलॉनच्या आडव्या जाळ्याची घडण तीच आहे. फेकजाळेही नायलॉनचे झाले आणि टिकले. मग बांबूच्या सापळ्याला नायलॉनने काय केले? काहीच नाही. त्याचा आणि धाग्याचा संबंध नाही. तरी सापळा गेला आणि फेकजाळे राहिले, याचा खुलासा धाग्याने होत नाही. उलट तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या एकेरी पारदर्शक धाग्याच्या जाळ्याला एवढा जोर का आला याचे एक कारण पाण्यातच आहे. काळ्या मातीच्या प्रदेशातला लोंढा गढूळ असतो. त्यात माशाला जाड सुताचे जाळेही दिसत नाही. बंधाऱ्यामागे पाणी थांबते, गाळ तळाला बसतो, पाणी निवळते आणि जाड धागा माशाला दिसू लागतो. निवळ पाण्यात न दिसणाऱ्या धाग्याला मासा जास्त लागतो हे मासेमारीच्या शास्त्रात सर्वमान्य आहे. नायलॉन बाजारात आला हे खरे, पण इथल्या नदीने त्याच्यासाठी जागा आधी करून ठेवली होती.

याची पडताळणी करायची तर जिथे नायलॉन पोचला पण ओढे मोकळे राहिले अशा जागा पाहाव्यात. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्या पावसात ‘चढणीचे मासे’ धरण्याचा उत्साह अजून ओसरलेला नाही, आणि बांबूची साधने त्या आठवड्यात माळ्यावरून खाली येतात. पूर्व विदर्भातल्या भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांभोवती ढीवर समाजाकडे पाणवनस्पतींची आणि स्थानिक माशांची केवढी माहिती शिल्लक आहे हे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अनेक वर्षांच्या कामातून दाखवले आहे. त्या तलावांचे पाणी पावसाळ्यात अजूनही सांडव्यावरून वाहते, शेतांतून पसरते, मासा त्यातून ये-जा करतो. यावर कुणी म्हणेल, तिकडे भात आहे, बांधाबांधांतून पाणी खेळते. सोनपेठकडे कापूस, सोयाबीन, तूर, इथे सापळा लावायला बांध कुठला? हा फरक मान्य. भातखाचरांच्या प्रदेशात सापळ्याला जागा जास्त, इथे मुळातच कमी: ओढ्यांची तोंडे, वाणेसारख्या उपनद्यांचा शेवटचा उथळ भाग आणि गोदेच्या पात्रातली खळाळती वळणे. पण नेमक्या याच तीन जागा बंधाऱ्यांच्या फुगवट्याखाली गेल्या, आणि जो उथळ भाग उघडा राहिला त्यातली वाळू उपसली गेली. जागा थोड्या होत्या म्हणून नुकसान थोडे झाले, असे होत नाही; थोड्या होत्या म्हणूनच ते पुरे झाले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुने ते सगळे निरुपद्रवी होते का? चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतो. त्याला वाटेत अडवणारा सापळा पुढच्या वर्षाचे पीक बियाण्यातच खातो. हिंगणाचे फळ, गेळफळ पाण्यात कुटून मासे गुंगवण्याची रीतही परंपरेतलीच, आणि ती लहान-मोठे काही पाहत नाही. मासळीला विसावा द्यावा ही जाणीवही नवी नाही: अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासी पौर्णिमांना आणि इतर ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत अशी आज्ञा आहे, आणि त्याच लेखात कोळ्यांच्या राखीव पाण्याचाही उल्लेख येतो. महाडजवळ वाळण कोंड किंवा वाड्याजवळ वैतरणेकाठचे तिळसे इथे देवाचे म्हणून राखलेले डोह आहेत. राखावे लागले याचा अर्थ इतरत्र राखले जात नव्हते असाही होतो. एकोणिसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने हीच तक्रार केली. १८७३ च्या आपल्या अहवालात त्याने बारीक आसाची जाळी, ओढ्यांत रोवलेले सापळे आणि पिल्लांची कत्तल यांवर कडक टीका केली, आणि १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. त्याने सुरुंग आणि विष यांना बंदी घातली आणि जमिनीत रोवलेल्या कोणत्याही जाळ्यावर, पिंजऱ्यावर, सापळ्यावर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. सोनपेठ तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता. पण त्यामागचा विचार पुढे सगळीकडे पोचला.

मात्र डे याने आरोपी एकच उभा केला नव्हता. दक्षिणेतल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांनी चढणाऱ्या माशांचे काय होते हे तपासण्यापासूनच त्याच्या कामाला सुरुवात झाली होती, आणि माशांना वर जायला वाट न ठेवता बांधलेल्या बंधाऱ्यांवर त्याचा रोष होता. ज्या गोदावरीवर आज आपण बोलतो आहोत तिच्याच खालच्या टोकाला, धवळेश्वरमला, आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा घातला आणि समुद्रातून वर येणाऱ्या हिलशाची वाट अडवली. दोन आरोपींपैकी पुढच्या दीडशे वर्षांत शिक्षा झाली ती सापळ्याला. यात एक विसंगती आहे. सापळा चढणीचा मासा धरतो, पण ओढ्याच्या एका तोंडाशी, काही रात्री, आणि फटीतून मावणारे सोडून देतो. पाणी जोरात वाढले की सापळाच वाहून जातो आणि मासा वर निघून जातो. त्याची हानी मोजूनमापून होणारी होती. नदीच्या आडव्या अंगाने उभी राहिलेली काँक्रीटची भिंत सगळा मासा, सगळ्या रात्री अडवते. सापळ्याचा दोष मान्य करूनही त्याला मुख्य आरोपी ठरवता येत नाही. आज बारीक आसाच्या ओढजाळ्यांनी, उजनीकाठी ‘वडाप’ म्हणतात तशांनी, बोटाएवढी पिल्ले गोळा होतात त्याबद्दल जो संताप होतो तो रास्त आहे. पण अशी जाळी फोफावतात ती साचलेल्या पाण्यातच, कारण तळ सपाट गाळाचा झाला की ओढजाळे कुठेही अडकत नाही.

तिसरा आक्षेप हिशेबाचा: धरणांनी आणि बंधाऱ्यांनी मासे वाढवलेच ना? १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या टोचणीने कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यामुळे कटला, राहू, मृगळ यांचे बीज हवे तेव्हा तयार करता येऊ लागले आणि जलाशयांत सोडता येऊ लागले. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना जलाशयांचे ठेके मिळाले, बाजारात मासा आला. हे सगळे खरे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त त्यातला बदल नीट ओळखावा. टोचणीने मासा पुराची वाट पाहण्यातून सुटला, आणि मासा सुटल्यावर मासेमारही. १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापी तर त्याहून पुढची: तिला चढण लागत नाही, पूर लागत नाही, साचलेल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा वीण करते. म्हणून बंधाऱ्यांत आज तिची भरभराट आहे, तर साइक्सने नोंदवलेला संदखोल धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत जाऊन बसला आहे. शिवाय ठेक्याच्या पाण्यात मासा धरायला सभासदत्व लागते, तराफा लागतो, पन्नास-शंभर हात जाळे लागते. ओढ्याच्या तोंडाशी सापळा लावायला यातले काही लागत नव्हते. भोई, कहार, ढीवर यांची ती वंशपरंपरेची विद्या असली, तरी आषाढातल्या रात्री ओढ्यावर सापळा लावून सकाळी चार मरळी किंवा झिंग्यांची ओंजळ घरी नेणारा माणूस कुठल्याही जातीचा शेतमजूर असू शके. ते उत्पन्न कोणत्याच आकडेवारीत नव्हते, त्यामुळे गेले तेव्हाही कुठल्या रकान्यात घट दिसली नाही.

साचलेले पाणी भरवशाचे असते हे गृहीतही तपासायला हवे. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये खडक्याचे पाणी संपले आणि परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. वीज केंद्राला जिथे पाणी पुरले नाही तिथे सोडलेल्या बीजाचे काय झाले असेल ते सांगायला नको. नदी तुटायची तेव्हा डोह उरत असत, आणि डोहात पुढच्या मृगासाठी थोडी मरळ, थोडी वाम, थोडा शिंगाळा तग धरून राही. बंधारा आटतो तो सपाट तळापर्यंत.

राहिला प्रश्न असा, की बंधारे पाडायचे नाहीत, तर मग हा सगळा ऊहापोह कशाला? बंधाऱ्याला दरवाजे असतात आणि दरवाजे कधी उघडायचे हे माणूस ठरवतो. सोनपेठपासून खाली, नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ याच गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यातल्या पाण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला की १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बाभळीचे दरवाजे उघडे ठेवावेत. वाद दोन राज्यांतल्या वाटपाचा होता, निकालामागे माशाचा विचार नव्हता. तरीही दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्राचे आणि आता तेलंगणाचे अधिकारी बंधाऱ्यावर जमतात, दरवाजे वर जातात, आणि पावसाळ्याचे चार महिने गोदावरी त्या एका ठिकाणी दोन्ही अंगांनी मोकळी होते. पंचांगाशी ताडून पाहिले तर मृग पूर्ण आणि आर्द्रा बहुतांशी या तारखांतून निसटतात. पुनर्वसूपासून पुढचा चढणीचा काळ आणि हस्त-चित्रातला उतरणीचा काळ मात्र त्यात पुरता बसतो. सापळ्याचे तोंड ज्या दोन वेळांना फिरवत असत, त्यांतली एक वेळ अशी न्यायालयाच्या कागदावर अनवधानाने उतरली आहे. दुसरीसाठी तारीख तीन आठवडे अलीकडे आणावी लागेल.